पोराला बांधायचं की सांभाळायचं?

मित्रांनो, एक सोपं गणित घेऊ. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १३.९ मीटर. समोर डंपर अचानक थांबला, आपली गाडी त्याच्यावर आदळली आणि ०.१ सेकंदात जागच्या जागी थांबली. आईच्या मांडीवर १२ किलोचं मूल आहे. त्याला धरून ठेवायला किती बल लागेल? फर्स्ट इयरचं ‘एफ बरोबर एम ए’ लावा. उत्तर येतं सुमारे १,६७० न्यूटन, म्हणजे साधारण १७० किलोचं वजन पेलण्याइतकं. तेही कसलीही पूर्वसूचना नसताना, पापणी लवायच्या आत! आपल्या हॉस्टेलवर जिमला जाऊन छाती फुगवून फिरणारे वीर आहेत, त्यांनाही हे जमणार नाही. मग ‘मांडीवर घेतलं की पोर सुरक्षित’ ही समजूत आपल्याकडे कुठून आली, देव जाणे.

हे गणित आता कायद्यालाही पटलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९४-ब आलं. १४ वर्षांच्या आतलं मूल सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने सुरक्षित केलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून हे लागू आहे. पुढे ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. तेव्हा कुठे ‘मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावायचा असतो’ यावर आपल्याकडे चार दिवस चर्चा झाली. चारच दिवस! पाचव्या दिवशी अलिबाग-पेण रस्त्यावर पोरं पुन्हा मागच्या सीटवर उभी राहून काचेतून टाटा करायला मोकळी.

पण आज मला बेल्ट न लावणाऱ्या बेफिकीर लोकांवर लिहायचं नाही. त्यांच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला अशा आईबापांबद्दल लिहायचं आहे, ज्यांना कायदा माहीत आहे, गणितही पटलेलं आहे, खिशातले पैसे घालून ज्यांनी सीट आणलेली आहे, आणि तरीही ज्यांचं मूल त्या सीटमध्ये बसत नाही. हट्ट म्हणून नव्हे. त्याला ते खरोखरच सहन होत नाही म्हणून.

काही मुलांची ज्ञानेंद्रियं आपल्यासारखी काम करत नाहीत. आपल्याला शर्टाच्या कॉलरचं लेबल टोचतं ते दोन मिनिटं, मग मेंदू ते विसरून जातो. या मुलांचा मेंदू विसरत नाही. तो टोचलेपणा तासभर तसाच राहतो, उलट वाढतो. कुणाला स्पर्श सहन होत नाही, कुणाला आवाज, कुणाला वास, तर कुणाला गाडीचं हलणं. याच्या अगदी उलट टोकाचीही मुलं असतात. त्यांना संवेदना कमी पोचतात, म्हणून ती सतत हलतात, आपटतात, झुलतात, घट्ट मिठी मागतात. अमेरिकेतल्या ए. जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी १९७०च्या दशकात या विषयाची शास्त्रीय मांडणी केली. ऑटिझमच्या वैद्यकीय निकषांत संवेदनांच्या या तक्रारींना २०१३ साली जागा मिळाली. आपल्या देशात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. पण संवेदनांचा त्रास फक्त ऑटिझममध्येच असतो असं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, अतिचंचल असलेल्या आणि कधीकधी कोणतंच लेबल नसलेल्या मुलांनाही तो असतो. ‘फार किरकिरं आहे हो तुमचं’ असं ज्याला म्हटलं जातं, त्यातलं एखादं असं असू शकतं.

आता अशा मुलाला पाच पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये बसवा. दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. मांडीला घासणारं बक्कल, मानेला लागणारा पट्टा, पाठीला घाम आणणारं पॉलिस्टर, ‘खट्’ असा आवाज. आणि वर एप्रिलमधलं अलिबागचं ऊन! मूल किंचाळतं, कमान करतं, पट्ट्यातून हात काढतं. पोयनाड येईपर्यंत आईचा धीर संपतो आणि ती त्याला मांडीवर घेते. तिला दोष देण्याची माझी तरी हिंमत नाही. पण वरच्या गणिताला आईची दया समजत नाही. ते १,६७० न्यूटनच राहतं.

आमच्या चुलत दादाचा मुलगा असाच आहे. वय साडेचार. थेरपीसाठी आठवड्यातून एकदा रेवदंड्याहून मुंबई. दादा-वहिनीने पनवेलच्या एका दुकानातून सीट घेतली. दुकानदार म्हणाला, खोका फोडला की परत घेणार नाही. म्हणजे आपण सहाशे रुपयांची चप्पल चार वेळा पायात घालून, दुकानात दोन फेऱ्या मारून घेतो आणि आठ हजारांची सीट खोक्यावरचं चित्र बघून! पहिल्याच दिवशी पोराने आकांत केला. आमची आत्या वहिनीला म्हणाली, “कशाला गो पोराला बांधून ठेवतेस? गुरं आहे काय तो?” वहिनी काही बोलली नाही. पुढे त्याच्या थेरपिस्ट मॅडमनी त्याला नीट बघितलं तेव्हा कळलं की त्याला घट्ट पट्ट्याचा त्रास नव्हताच. घट्ट त्याला आवडत होतं. त्रास होता तो मानेच्या उघड्या कातडीला लागणाऱ्या पट्ट्याच्या कडेचा आणि सीटच्या खरखरीत जाळीचा. ती सीट निम्म्या किमतीत विकून दुसरी घेतली, मऊ कापडाची आणि खांद्याचे पट्टे त्याच्या उंचीला नीट जुळणारी. ती चालली.

या सगळ्यातून मला जे म्हणायचं आहे ते एका वाक्यात सांगतो. ज्या सीटमध्ये मूल पूर्ण प्रवासभर नीट बसून राहतं, तीच त्या मुलासाठी सुरक्षित सीट. क्रॅश टेस्टमध्ये कितीही तारे मिळालेले असोत, मूल जर वडखळ नाक्याच्या आधीच मांडीवर येणार असेल, तर त्या ताऱ्यांचा उपयोग शून्य. आराम हा चोचला नाही. या मुलांच्या बाबतीत आराम हे सुरक्षेचंच एक परिमाण आहे. आपण मशीन डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी काढतो तेव्हा पार्ट तिथे बसवलेला आहे हे गृहीत धरतो ना? इथे तेच गृहीत धरता येत नाही.

मग निवडायची कशी? मी काही डॉक्टर नाही. पण एवढे दिवस दादाबरोबर या विषयात डोकं घातल्यावर, आणि आपल्या शाखेचं थोडंफार डोक्यात शिरलेलं असल्यावर, जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो.

पहिली चाळणी सुरक्षेचीच. सीटवर प्रमाणाची खूण हवी. भारताचं प्रमाण एआयएस-०७२. युरोपच्या जुन्या प्रमाणाची नारिंगी लेबलं असलेल्या सीट्सही दिसतात, त्यावर वर्तुळात ई अक्षर असतं. वजनाचे गट असे : १० किलोपर्यंत, १३ किलोपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५ आणि २२ ते ३६. नव्या युरोपीय प्रमाणात वजनाऐवजी उंची धरतात आणि निदान १५ महिन्यांपर्यंत मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगतात, कारण लहान मुलाचं डोकं जड आणि मान नाजूक असते. मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही, अगदी कधीही लावायची नाही. या चाळणीतून ज्या सीट्स पार होतील, त्यांतूनच संवेदनांचा विचार करून निवड करायची. क्रम उलटा करायचा नाही.

दुसरी चाळणी कापडाची. हात फिरवून बघा. शिवण कुठे येते, मांडीखाली येते का, जाळी टोचते का, नव्या कापडाला वास येतो का. कव्हर निघतं का आणि धुता येतं का, हेही बघा. गाडीत उलटी करणारी मुलं असतील तर हा मुद्दा सगळ्यांत आधी येतो, हे ज्यांनी कार्लेखिंडीच्या वळणांवर अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको. मात्र कव्हर आवडलं नाही म्हणून शिंप्याकडून नवं शिवून घेऊ नका. मूळ कव्हर सीटबरोबर तपासलेलं असतं आणि पट्ट्यांच्या खाचाही त्याच्याच मापाने असतात. त्यापेक्षा मुलाच्या कपड्यांत बदल करा. मऊ सुती, कॉलरचा शर्ट घातला की पट्टा मानेला लागत नाही. उपाय साधा, खर्च शून्य.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. मूल रडलं की आपण पट्टा सैल करतो. वाटतं, तेवढंच बरं. पण सैल पट्टा म्हणजे काय? गाडी थांबायला लागली तरी मूल जुन्याच वेगाने पुढे जात राहतं आणि मग पट्ट्याला आदळून उरलेल्या कमी वेळात थांबतं. वेळ कमी म्हणजे बल जास्त. शिवाय सैल पट्टा कातडीवर घसरतो, घासतो. संवेदनशील मुलाला घट्ट, स्थिर दाबापेक्षा ही सरकणारी गुदगुल्यांसारखी जाणीव जास्त छळते, असं थेरपिस्ट सांगतात. कसोटी सोपी आहे : खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरता आला तर तो सैल, चिमटीत आला नाही तर बरोबर. बाहेर वेगळे मिळणारे गुबगुबीत पट्टाकव्हर, उशा, सीटखाली घालायच्या गाद्या लावू नका. जाड वस्तू धक्क्यात दबते आणि तेवढा पट्टा सैल होतो.

चौथी गोष्ट आपल्या किनाऱ्याची खास. ऊन आणि वाळू. वरसोली किंवा काशीदच्या किनाऱ्यावर दुपारी गाडी उभी केली की काळ्या सीटचं बक्कल तव्यासारखं तापतं. एकदा चटका बसला की असं मूल तो कायमचा लक्षात ठेवतं, मग हिवाळ्यातही बक्कल बघून रडतं. म्हणून शक्यतो फिक्या रंगाची सीट घ्या, गाडी उभी असताना सीटवर पांढरा पंचा टाका, मुलाला बसवण्याआधी पंचा काढून बक्कलला स्वतः हात लावून बघा. आणि मूल झोपलंय म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून, दोन मिनिटांसाठीसुद्धा, शहाळं आणायला जाऊ नका. वाळूचं म्हणाल तर ती बक्कलात शिरली की बक्कल अर्धवट लागतं किंवा उघडता उघडत नाही. त्यात तेल, ग्रीस सोडू नका (आपल्या वर्कशॉपच्या सवयीने हात तिकडेच जातो!). सीटबरोबरच्या पुस्तिकेत सांगितलेलं असेल तसं कोमट पाण्याने धुवा.

पाचवी गोष्ट डोक्याच्या बाजूंच्या पंखांची. मोठे पंख असलेल्या सीटमध्ये आवाज आणि उजेड थोडा कमी होतो. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला ती गुहा वाटते, तिथे ते शांत बसतं. पण काही मुलांना तीच सीट कोंडवाडा वाटते. ज्याला बाहेरचं दिसलं नाही की मळमळतं, त्याला तर नक्कीच. दोन्ही मुलं ‘संवेदनशील’, पण सीट दोघांची वेगळी! म्हणून ‘अशा मुलांसाठी बेस्ट सीट कोणती?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘याला काय सोसत नाही?’ हा प्रश्न आधी विचारायचा, सीट नंतर.

आता बूस्टरकडे वळू. बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. तिला स्वतःचे पट्टे नसतात, गाडीचाच तीन बिंदूंचा बेल्ट मुलाला नीट बसावा एवढंच तिचं काम. आईबापांना वाटतं की माझ्या मुलाला पट्टे आवडत नाहीत ना, मग लवकर बूस्टरवर टाकू, सुटलो. इथे थांबा. गाडीच्या बेल्टचा रिट्रॅक्टर फक्त धक्का बसला किंवा पट्टा झटक्याने ओढला तरच लॉक होतो. एरवी तो मोकळा असतो. म्हणजे बूस्टरवरचं मूल पुढे वाकू शकतं, बाजूला कलू शकतं, पट्टा बगलेखाली घेऊ शकतं. साधं मूल सांगितल्यावर सरळ बसतं. सतत झुलणाऱ्या किंवा अंग सैल सोडून घसरणाऱ्या मुलाला ते जमतच नाही. आणि धक्का नेमका ते वाकलेलं असतानाच बसायचा! थोडक्यात, हार्नेस मुलाला धरतो, बूस्टरवर मात्र मुलाने स्वतःला धरायचं असतं. म्हणून वजन बसतंय एवढ्यावर बूस्टर घेऊ नका. सीटची मर्यादा संपेपर्यंत हार्नेसमध्येच ठेवा. जास्त वजनापर्यंत हार्नेस चालणारी सीट परवडत असेल तर अशा मुलासाठी तिथे पैसे घाला.

बूस्टर घ्यायची वेळ आलीच तर पाठ असलेला घ्या. अंग सैल सोडणाऱ्या मुलाला बाजूने आधार मिळतो आणि पट्टा खांद्यावर जागेवर राहतो. बूस्टरवर बसवल्यावर या गोष्टी तपासा. पाठ पूर्ण टेकते का? खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर येतो का? वरचा पट्टा मान आणि दंड यांच्या मधून, खांद्यावरून जातो का? आणि शेवटची, आपल्या विषयात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट : पूर्ण प्रवासभर मूल असंच बसतं का? बूस्टर सोडून नुसत्या बेल्टवर आणताना याच कसोट्या पुन्हा लावायच्या, आणि त्यात गुडघे सीटच्या कडेला नीट वाकतात का हेही बघायचं. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो. तिथे बूस्टर चालत नाही.

पट्ट्यातून निसटणाऱ्या मुलांसाठी लोक काय काय जुगाड करतात! ओढणीने बांधणं, बक्कलवर टेप गुंडाळणं, पट्ट्यांना सेफ्टीपिन लावणं. मित्रांनो, जुगाड आपल्या रक्तात आहे, पण इथे नको. अपघातानंतर मदतीला धावलेल्या अनोळखी माणसाला ते बक्कल एका दाबात उघडता आलं पाहिजे. मूल निसटलं की गाडी बाजूला घेऊन थांबवा, शांतपणे पुन्हा लावा आणि मगच गाडी हलवा. दहा वेळा थांबावं लागलं तर दहा वेळा. वजनदार गोधड्या किंवा वजन भरलेली जॅकेटं घरात कितीही उपयोगी पडोत, गाडीत नकोत. तिथे एम वाढवून काय होतं ते आपण वर पाहिलंच. हातात खेळणं द्यायचं तर मऊ कापडाचं द्या.

सवय कशी लावायची हेही सांगतो, कारण निम्मी लढाई तिथेच आहे. आणल्या आणल्या सीट गाडीत लावून मुलाला मुंबईला नेऊ नका. आठ-पंधरा दिवस ती ओटीवर झोपाळ्याशेजारी ठेवा. मूल आपणहून तिला हात लावेल, बसेल, खाऊ खाईल. मग नुसतं बक्कल लावणं-काढणं, त्याच्याच हाताने, म्हणजे ‘खट्’ आवाज कधी येणार हे त्याला आधी कळतं. मग उभ्या गाडीत. मग नाक्यापर्यंत. मग देवळापर्यंत. दादा-वहिनीला यात दीड महिना गेला. दीड महिना म्हणजे आपल्या एका सबमिशनचा उशीर!

इथे कुणी म्हणेल, “हे सगळं गाडीवाल्यांचं दुखणं. रायगडात किती जणांकडे कार आहे? बाकीची पोरं मिनीडोरमध्ये कोंबून जातात, त्यांचं काय?” मुद्दा रास्त आहे, टाळणार नाही. मिनीडोरला आणि रिक्षाला बेल्टच नाही, त्यामुळे त्यात कोणतीच सीट बसत नाही. एस.टी.तही नाही. दुचाकीसाठी निदान नियम आला आहे : १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा हार्नेस आणि हेल्मेट सक्तीचं, वेग ताशी ४० च्या आत. पण ज्याला डोक्याला टोपीसुद्धा सहन होत नाही त्याला हेल्मेट कसं घालायचं, याचा विचार त्या नियमात नाही. मात्र एक लक्षात घ्या. ज्यांच्याकडे कार नाही, त्यांनाही थेरपीसाठी, हॉस्पिटलसाठी महिन्यातून कधीतरी भाड्याची गाडी करावीच लागते, कारण गर्दीच्या एस.टी.त या मुलाला नेणं अशक्य होतं. त्यांना हवी हलकी, कोणत्याही गाडीच्या बेल्टने दहा मिनिटांत लागणारी सीट. आयसोफिक्सचे हूक असलेली भारी सीट त्यांच्या कामाची नाही, कारण भाड्याच्या जुन्या गाडीला ते हूक नसतात. म्हणजे महाग तेच चांगलं, हेही इथे खरं नाही.

आणि प्रवास छोटा नाही. अलिबागहून रस्त्याने मुंबई म्हणजे शंभरेक किलोमीटर. त्यातल्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं खड्डे, डायव्हर्जन आणि धूळ यांनी आपली हाडं खिळखिळी केली. आपल्याला तो नुसता वैताग होता. तोल आणि हालचाल सांभाळणारी संवेदनाच ज्याची नाजूक, त्या मुलाला तो छळ होता. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हा ‘मुंबईकरांची वीकएंडची सोय’ म्हणून आपण नाकं मुरडली. पण या घरांसाठी ती वेगळीच सोय आहे. सीट गाडीत लावलेली तशीच राहते आणि मूल तासभर पट्ट्यातून मोकळं होऊन वर वाऱ्यावर येतं. ज्याच्या खिशाला परवडेल त्याने जरूर विचार करावा.

आता शेवटी कामाचं बोलू. फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की आपल्याला ‘स्मार्ट’ काहीतरी करायची खाज सुटते. सेन्सर लावलेली स्मार्ट चाइल्ड सीट, मोबाइलवर अलार्म वगैरे. कृपा करून ते करू नका. सीट तयार करायची तर क्रॅश टेस्टची स्लेड लागते, ती आपल्याकडे नाही, आणि न तपासलेल्या सीटमध्ये कुणाचं पोर बसवायचा आपल्याला अधिकार नाही. रायगडात सीट तयार करणारा नसला तरी चालेल. इथे सोय नाही ती सीट बसून बघण्याची.

माझा प्रस्ताव असा. वेगवेगळ्या कापडाच्या, आकाराच्या, गटांच्या सहा सीट्स आणि दोन बूस्टर. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खोलीत ठेवायचे. आईबापांनी मुलाला आणावं, बसवून बघावं, पंधरा दिवस घरी न्यावं, नाही जमलं तर दुसरी न्यावी. अगदी ग्रंथालयासारखं. अपघातात सापडलेली सीट पुन्हा द्यायची नाही आणि प्रत्येक सीटची मुदत बघायची, एवढे नियम पुरे. पैसा कुठून? ग्रामपंचायती, नगरपरिषदा, जिल्हा परिषद या सगळ्यांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लाखभर रुपयांची ही गोष्ट आहे. मुलं शोधायलाही यंत्रणा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. त्यांना फक्त एक प्रश्न वाढवायला सांगायचा : “मूल गाडीत कसं बसतं?”

आणि आपण? सीट गाडीत बरोबर लावून देणारा माणूस लागतो. बेल्ट कुठल्या खाचेतून जातो, सीट हलवून बघितली तर किती हलते, गाडीच्या सीटचा उतार किती आहे, हे बघायला मेकॅनिकलच्या पोरांपेक्षा चांगलं कोण? एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये आपण दर वर्षी तोच रस्ता झाडतो आणि त्याच झाडांना पुन्हा चुना लावतो. त्याऐवजी एक रविवार, दहा पोरं, शंभर गाड्या. थेरपिस्टनी मूल बघायचं, आपण सीट बघायची. कायदा दंडाची पावती फाडू शकतो. वडखळच्या आधी रडणारं पोर का रडतंय हे तो विचारणार नाही. ते कुणीतरी विचारायला हवं.

ज्यांना पटलं असेल त्यांनी पुढच्या सेमिस्टरच्या आधी यावं. नावनोंदणीची वही मॅगझिनच्या खोलीत ठेवली आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी